जिन्यातली काच

लिफ्ट बंद पडून इतकी वर्षं झाली होती की तिच्या पिंजऱ्यात आता झाडू, बादल्या आणि भाऊजींच्या मुलाची जुनी सायकल राहायला आली होती. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावरच्या खुर्च्या तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या म्हणजे जिन्यानंच, आणि जिन्यानं न्यायच्या म्हणजे थोरलीनंच. दादांची पाठ, भाऊजींचा राग आणि वन्संचा रक्तदाब ही तीन कारणं या घरातलं कुठलंही काम टाळायला पुरेशी होती. थोरलीच्या गुडघ्यांचं नाव त्या यादीत कधी लागलं नव्हतं.

मधल्या वळणावर ती टेकली. इथल्या भिंतीत वरपासून खालपर्यंत भेग होती, करंगळी जाईल एवढी. भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना प्लास्टरच्या गोळ्यात बसवलेली, बोटभर काचेची पट्टी होती. मामंजींच्या शेवटच्या आजारपणात ती तिथं आली. त्यांनीच बसवून घेतली असणार, असं थोरली धरून चालली होती; विचारलं कोणालाच नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर खिडकी, आरसा, तसबीर, दिसेल त्यावर काच बसवली, त्यानं जाता जाता घराच्या भेगेवरही एक बसवली तर त्यात नवल कसलं!

ती पट्टी अधूनमधून फुटायची. पूर्वी वर्षा-दोन वर्षांतून एखाददा, हल्ली मात्र सारखीच. फुटली की थोरली खालच्या दुकानातला एखादा तुकडा घेई, मापाची पट्टी कापी, कडा घासून मऊ करी आणि संध्याकाळच्या आत जुन्याच गोळ्यांत घट्ट बसवून टाकी. 'काचवाल्याच्या घरात फुटकी काच दिवा लागेपर्यंत दिसता कामा नये,' हा मामंजींचा नियम होता. गिऱ्हाइकानं काय म्हणावं, स्वतःची काच धड नाही आणि चालला आमची बसवायला? लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात थोरलीच्या हातून कपाटाची काच फुटली होती. मामंजी रागावले नाहीत. त्यांनी तिच्या हातात काच कापायची कापणी दिली, तिच्याबरोबर कडा घासायचा दगड दिला आणि म्हणाले, "फोडता आली ना? आता बसवता आली पाहिजे." घरातल्या पुरुषांना तिचा काचेवरचा हात नंतर कधी आठवला नाही. मामंजींना तो शेवटपर्यंत ठाऊक होता.

तिनं पदरानं पट्टीवरची धूळ पुसली आणि खुर्ची उचलली.

वर बैठकीच्या खोलीत लढाईची मांडणी झाली होती. थोरलीचे यजमान दादा खिडकीशी, त्यांच्या उजव्या हाताला त्यांची बहीण, म्हणजे वन्सं. समोर भाऊजी आणि धाकटी. भाऊजींची सून बाळाला मांडीवर घेऊन बरोबर मध्ये बसली होती, कारण तिथंच तेवढी खुर्ची रिकामी होती.

"ठरलंय ते ठरलंय," भाऊजी बसायच्या आधीच म्हणाले. "महापालिकेचा इंजिनिअर सांगेल ते शेवटचं. घर धोक्याचं म्हणाला तर सगळ्यांनी सह्या करायच्या, विकून मोकळं व्हायचं. चांगलं म्हणाला तर मी तोंड उघडणार नाही. नंतर कोणी रडायचं नाही."

"कोण रडतंय ते कळेलच," वन्सं म्हणाल्या.

"तुझं बरं आहे, छकुले. लिफ्टच्या इमारतीत राहायचं आणि महिन्यातून एकदा इथं येऊन जिन्याचं कौतुक करायचं. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात," भाऊजी म्हणाले.

साठी उलटलेल्या, चष्मा लावलेल्या, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईला छकुली म्हणवून घेताना राग येईल असं कोणालाही वाटेल. वन्संना तो यायचा नाही. या घराबाहेर त्यांना त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

"हाकते बरं शेळ्या," त्या म्हणाल्या. "घराचं नाव वारसा वास्तूंच्या यादीत लागावं म्हणून दोन वर्षं खेटे घातले ते कोणी? तू? या रस्त्यावर अशी तीस घरं होती. आता किती राहिली ते खिडकीतून मोज. नानांनी केलेलं ते छत एकदा गेलं की पुन्हा कोणी करणार आहे का?"

छत म्हणजे जिन्यावरचं. चौथ्या मजल्याच्या डोक्यावर, लोखंडी सांगाड्यात, मामंजींनी रंगीत काचांचं मोठं गोल छत बसवलं होतं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की जिन्याच्या पायऱ्यांवर निळे, केशरी तुकडे पडायचे. लहानपणी वन्सं फ्रॉक पसरून त्यात झोपायच्या. आता निम्म्या काचांवर धूळ आणि पक्ष्यांची घाण होती, दोन ठिकाणी पत्रे ठोकले होते, तरी थोडे रंग अजून खाली पोचायचे.

"छत बघून पोट भरत नाही ताई," धाकटी हळूच म्हणाली. "गॅलरीला टेकू लावलेत. रस्त्यानं जाणारी माणसं आपल्या घराशी आली की पलीकडच्या बाजूला जातात. मी बघते रोज. आपल्या घराला लोक वळसा घालतात. त्या घरात माझी नात झोपते."

 दादा म्हणाले, "घर पडायचं असतं तर केव्हाच पडलं असतं."

"हे तुमचं शास्त्र!" भाऊजी उसळले. "शेजारी चार मजले खोल खड्डा खणलाय दादा. त्यांच्या यंत्रानं माझ्या दुकानातले आरसे कपाटात थरथरतात."

"तुझ्या दुकानात आता आरसे आहेत कुठे? नुसत्या अॅल्युमिनियमच्या चौकटी."

"चौकटी विकल्या जातात म्हणून हे घर चाललंय!"

झालं. दोघे पन्नास वर्षं मागे गेले. वन्संनी दादांची बाजू घेतली, धाकटीनं नवऱ्याची. मग वन्संना भाऊजींचं दुकानाबद्दलचं पटलं आणि त्या क्षणभर तिकडे सरकल्या, तेव्हा दादा त्यांच्यावरही रागावले. शेवटी नेहमीप्रमाणे सगळे थोरलीकडे वळले.

"वहिनीला विचारा," वन्सं म्हणाल्या. "तिनं केलंय सगळं या घराचं. ती जाईल का इथून?"

"वहिनी, तुम्हीच सांगा," भाऊजी म्हणाले. "हे जिने चढून चढून तुमचं काय झालंय ते सांगा यांना."

थोरलीनं सगळ्यांकडे पाहिलं. "चहा कोण कोण घेणार?" ती म्हणाली.

हाच तिचा नेहमीचा कौल होता. खरं सांगायचं तर तिला घर हवंही नव्हतं आणि नकोही नव्हतं. तिला हे भांडण संपायला हवं होतं. कोणीही जिंकावं, कोणीही हरावं, पण एकदा जेवणाच्या वेळी माणसांनी जेवावं, एवढीच तिची इच्छा होती. ती इतकी दमली होती की कशानं दमली हेही आता तिला सांगता आलं नसतं.

इंजिनिअर म्हणून कोणी पोक्त गृहस्थ येईल, अशी सगळ्यांची समजूत होती. आली ती तिशीतली मुलगी. हातात शिरस्त्राण, बुटांवर दुसऱ्याच कुठल्यातरी घराची धूळ. तिनं पाणी मागितलं, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

"आमच्या वडलांनी," तिघा भावंडांनी एकदम सांगितलं. सकाळपासून त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

मग ती गच्चीपासून दुकानापर्यंत सगळं घर फिरली. भिंती ठोकल्या, गॅलरीखाली वाकून पाहिलं, शेजारच्या खड्ड्यात डोकावली. दादा आणि भाऊजी तिच्या मागे वरातीतल्यासारखे चालले होते, दोघेही एकमेकांच्या आधी बोलायला टपलेले. थोरली स्वयंपाकघरातून ऐकत होती. जिन्यात मुलगी बराच वेळ थांबली.

ती वर येऊन बसली तेव्हा थोरलीनं कप मांडायला घेतले होते.

"गॅलऱ्या उतरवाव्या लागतील," इंजिनिअरबाईंनी सुरुवात केली. "छपरातनं पाणी मुरतंय, ते आधी थांबवा. देखभाल कोणी केलेलीच नाही, रागावू नका. जिन्यातली भेग बघून मात्र मी घाबरले होते. शेजारी एवढा खड्डा आणि भिंतीला अशी भेग, म्हणजे मी खाली करायची नोटीसच लिहिणार होते."

भाऊजी पुढे सरकले.

"पण आमच्याच खात्यातल्या कोणीतरी पूर्वी तिच्यावर काच लावून ठेवलीय. शेजारी तारीख कोरलीय."

"माझ्यासमोर लावली," दादा म्हणाले. "पट्टी मीच कापून दिली होती. नाना अंथरुणावर होते तेव्हा."

"मग तुम्हाला माहीतच असेल. भेग केसभर जरी सरकली तरी काच तडकते. प्लास्टर थोडं ताणून घेतं, लाकूड घेतं, काच नाही घेत. तिला लावतात ते त्यासाठीच. ती पट्टी इतक्या वर्षांत फुटलेली नाही, खड्डा खणल्यावरसुद्धा नाही. म्हणजे भेग जुनी आहे आणि थांबलेली आहे. दुरुस्तीच्या अटीवर मी घर राहण्यास योग्य लिहीन. वारसा यादीलाही माझी शिफारस जाईल."

थोरली ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथंच उभी राहिली.

वन्संनी तोंडावर हात घेतला आणि त्या रडायला लागल्या. दादा उठले, उगाच खिडकी उघडली, पुन्हा लावली. भाऊजी खुर्चीत मागे टेकले. शब्द दिला होता आणि तो पाळणारा माणूस होता. त्यांचा चेहरा तेवढा उतरला. धाकटी मात्र पुढे वाकली.

"भिंतीच्या पलीकडेच आमची मागची खोली आहे हो. भेगेला लागूनच पाळणा आहे हिचा. राहू दे म्हणता?"

"राहू दे की," इंजिनिअरबाई हसून म्हणाल्या.

थोरली मागे फिरली. ट्रे ओट्यावर ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली.

काच तडकते. तिला लावतात ते त्यासाठीच. आणि आपण काय केलं? दर वेळी ती तडकली, दर वेळी आपण ती काढली, आणि चारचौघांना दिसू नये म्हणून जागच्या जागी नवी लावली. कोणी जिन्यात सामान आपटलं असेल म्हणून भाऊजींच्या कामगारांना शिव्या दिल्या. पोरांच्या चेंडूवर आळ घेतला. खड्डा खणायला लागल्यापासून तर महिना धड जात नव्हता, तरी आपल्या डोक्यात प्रकाश पडला नाही. घर इतकी वर्षं सांगत होतं, आणि आपण त्याच्या तोंडावर हात ठेवत होतो.



दादा आत आले. किती वर्षांनी त्यांचा चेहरा असा मोकळा दिसत होता. "अगं, चहा कुठाय? आज साखर जास्त घाल. ऐकलंस ना? नानांनीच वाचवलं बघ आपल्याला. नानांची काच!"

"अहो, ती काच..."

"संपलं सगळं," दादा म्हणाले. ओट्यावरच्या तिच्या हातावर त्यांनी हात ठेवला. हेही बऱ्याच वर्षांनी. "आता कोणी भांडणार नाही. तुलाही त्रासच झाला या सगळ्याचा, मला काय कळत नाही का? आता स्वस्थ बस."

ते बाहेर गेले. थोरलीच्या मनात आलं, बसावं स्वस्थ. काय बिघडलं? आजपासून पट्टीला हात लावायचा नाही म्हणजे झालं. फुटली की फुटली, तेव्हा बघू. आज या माणसाला चार घटका आनंदानं जगू दे. हे तिला इतकं पटलं की तिनं कपबशा नीट लावल्यासुद्धा.

बाहेर सूनबाई बाळाला घेऊन उठत होती. "हिला खाली निजवून येते," ती म्हणत होती. "पेंगायला लागलीय."

थोरलीनं ट्रे उचलला. बाहेर येऊन आधी पाहुणीला चहा दिला, मग दादांना, मग वन्संना, भाऊजींना, धाकटीला. चहा गार करून बोलायची सवय तिला नव्हती. मग दाराशी पोचलेल्या सुनेला ती म्हणाली, "थांब. तिला खाली नेऊ नकोस. आमच्या पलंगावर निजव." आणि इंजिनिअरबाईंकडे वळून म्हणाली, "ती काच जुनी नाहीये. गेल्याच आठवड्यात मी बदललीय."

कोणाला काही कळलंच नाही.

"कुठली काच?" दादांनी विचारलं.

"जिन्यातली. त्याच्या आधीही बदललीय. पुष्कळदा. ती फुटते, मी नवी बसवते. ती कशासाठी आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मामंजींनी भेग झाकायला लावलीय."

इंजिनिअरबाईंनी कप खाली ठेवला. "पुष्कळदा म्हणजे?"

"मोजलं नाही. पूर्वी वर्षातून एखादी. आता महिन्याला."

 मग वन्सं बोलल्या, आणि त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होता. "वहिनी, हे तुला आत्ताच बरं आठवलं?"

"आत्ताच कळलं."

"आत्ताच! निकाल लागल्यावर! धाकटीनं पढवलंय ना तुला? तुम्हा दोघींना घर विकून कुठंतरी खालच्या मजल्यावरचे नवे फ्लॅट घ्यायचेत, ते सरळ सांगायचं. एवढं नाटक कशाला?"

"मी?" धाकटी रडवेली झाली. "मला यातलं काही माहीत असतं तर मी पोरीला तिथं निजवलं असतं का ताई?"

"छकुले, वहिनींना काय वाटेल ते बोलू नकोस," भाऊजी म्हणाले. जिंकायची वेळ त्यांची आली होती, तरी त्यांचा आवाज चढला नाही. ते थोरलीकडे बघतच राहिले. "वहिनी, माझ्या माणसांना जिन्यात चौकटी आपटतात म्हणून ओरडायचात ते..."

"हो, तेच."

"ते शपथेवर सांगायचे, आम्ही नाही आपटल्या. मी त्यांनाच खोटं पाडायचो."

"तुझा काहीतरी घोटाळा होतोय," दादा थोरलीला म्हणाले, अगदी समजुतीच्या सुरात. "दुसरी कुठली तरी काच असेल. वय झालं आपलं. विसरायला होतं. ती पट्टी मी कापलीय, मी ओळखीन."

"मग बघून या," थोरली म्हणाली. "कड बघा तिची."

दादांनी टॉर्च घेतला. सगळे त्यांच्या मागे जिन्यात आले, बाळसुद्धा. दुपारचं ऊन छतावर आलं होतं आणि पायऱ्यांवर कुठं कुठं केशरी तुकडे पडले होते. दादा भिंतीशी वाकले. पट्टीच्या वरच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, मग खालच्या. पुन्हा एकदा फिरवला.

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

"घासलेली आहे," दादा म्हणाले.

"म्हणजे?"

"भिंतीवर लावायच्या पट्टीची कड कोण घासतं? मी नव्हती घासली. घाईत कापून दिली होती, बोट कापलं होतं त्या माणसाचं लावताना." त्यांनी टॉर्च विझवला. "अशी कड नाना घासायचे. आणि त्यांनी शिकवली ती हिला. आमच्यापैकी कोणी शिकलंच नाही, वेळ जातो म्हणून."

वन्सं पायरीवर बसल्या. दोन वर्षांचे खेटे त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसले.

"मी काय लिहू?" इंजिनिअरबाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी दादांना नाही, थोरलीला विचारला.

"काय करतात अशा वेळी?"

"नवी पट्टी लावू. आत्ता, माझ्यासमोर. तिला कोणी हात लावायचा नाही. ती टिकली तर माझं मघाचं मत कायम. फुटली तर मला फोन करायचा आणि घर खाली करायचं. मागची खोली मात्र आजच रिकामी करा."

दादा दुकानात जाऊन काच आणि कापणी घेऊन आले. पायरीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी मापाला पट्टी धरली. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी कापणी थोरलीपुढे धरली. थोरलीनं एका दमात रेघ ओढली, पट्टी मोडली आणि सवयीनं दगड शोधायला लागली.

"राहू दे," दादा म्हणाले. "घासू नकोस."

त्यानंतरचे दिवस घरानं श्वास रोखून काढले, असं म्हणायला हरकत नाही. भांडण मात्र कोणी केलं नाही. भाऊजींच्या बिऱ्हाडातला पाळणा थोरलीच्या खोलीत आला आणि पोर रात्री रडली की दादाच आधी उठायला लागले. जिन्यातून जाताना जो तो त्या वळणावर मान फिरवून घ्यायचा, परीक्षेचा निकाल लागलेल्या शाळेवरून नापास पोर जातं तसा. थोरली रोज झाडताना तेवढी थांबायची, आणि बोट लावायचं नाही म्हणून हात मागे धरायची.

वन्सं आल्याच नाहीत. फोनवर दादांशी बोलायच्या, वहिनीला दे म्हणायच्या नाहीत. थोरलीला ते लागलं. पण तिला वन्संचा राग येत नव्हता. फ्रॉक पसरून झोपलेली पोर तिनं पाहिली नव्हती, तरी ऐकून ठाऊक होती.

पंधरवडाही लोटला नाही तोवर एका सकाळी झाडताना तिला दिसलं. पट्टीच्या मधोमध एक केस पडल्यासारखी रेघ होती. तिनं जवळ जाऊन पाहिलं. दोन तुकडे आता एका पातळीत नव्हते. डावा किंचित पुढे आला होता.

तिचा हात पुढे गेला, तो तिनं मागे घेतला. झाडू भिंतीला टेकवून ती पायरीवर बसली. चहाची वेळ टळली तसे दादा शोधत आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि तिच्या वरच्या पायरीवर बसले.

"वाऱ्यानं असेल," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "इथं कुठला आलाय वारा."

"त्या मुलीला फोन करायला हवा."

"करतो." पण ते उठले नाहीत.

खालून भाऊजी आले. दुकान उघडायला निघाले होते, बोलणं ऐकून वर चढले; किल्ल्या हातात होत्या. दोघांना असं बसलेलं पाहून त्यांना न सांगताच कळलं. ते दोन पायऱ्या खाली बसले आणि किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत राहिले.

"मला वाटायचं, असं झालं की मला बरं वाटेल," भाऊजी म्हणाले.

दादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढंच केलं. मग ते वर पाहत म्हणाले, "छताच्या काचा आधी उतरवू. घर जाईल, काचा कशाला जायला पाहिजेत? छकुलीला फोन कर, तिच्या नव्या इमारतीत जिन्यावर काय आहे ते विचार."

"पत्रा असणार," भाऊजी म्हणाले.

"मग बरं. आपल्या काचा तिथं बसतील." दादा थोरलीकडे वळले. "काचांच्या कडेची वाळलेली लांबी खरवडायला हलका हात लागेल. शिडी मी धरीन. खरवडायचं तू."

"माझे गुडघे..." थोरली म्हणाली.

"माहीत आहेत मला तुझे गुडघे," दादा म्हणाले. "दिवसाला एक काच काढू."

हे ऐकून थोरलीला रडूच आलं, आणि दोघा भावांना काय करावं कळेना म्हणून त्यांनी तिला रडू दिलं.

दिवसभर घरात माणसं वर-खाली करत राहिली. इंजिनिअरबाई येऊन पट्टी पाहून गेल्या. सूनबाईनं कपडे बांधायला काढले. चार वाजता वन्सं आल्या. वळणावर थांबल्या, चष्मा काढून भेगेपाशी गेल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. वर येऊन त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि थोरलीच्या शेजारी कांदा चिरायला बसल्या.

"तू बोलली नसतीस तर," कांदा अर्धा झाल्यावर त्या म्हणाल्या, आणि पदरानं त्यांनी डोळे पुसले.

"तिखट आहे कांदा," थोरली म्हणाली.

अंधारून आलं तशी ती जिन्यातला दिवा लावायला गेली. बटण त्या वळणावरच होतं, भेगेच्या शेजारी. छतातून आता रंग उतरत नव्हते, नुसता करडा उजेड होता. त्यात ती रेघ आणखी ठळक दिसत होती. मामंजी असते तर दुपारीच त्यांनी दगड आणि कापणी पुढे केली असती. थोरलीच्या बोटांना तो दगड आत्ताही जाणवत होता.

तिनं पट्टीला हात लावला नाही. फुटकी काच भिंतीवर तशीच ठेवून तिनं दिवा लावला.